पावसाळाभर उभा राहिलेला जुना डिझेल लोको पुन्हा कामाला लावताना

जूनमध्ये साइडिंगच्या, म्हणजे बाजूच्या रुळांच्या, टोकाला नेऊन उभा केलेला लोको ऑक्टोबरात चालू करायचा असला, की स्टार्टचं बटण सगळ्यात शेवटी दाबायचं. त्याआधी अख्खा एक दिवस हातात ठेवा; लोकोने पन्नाशी उलटलेली असेल तर दोन. जुना लोको धावून जेवढा झिजत नाही तेवढा उभा राहून बिघडतो. ठाण्याच्या खाडीच्या काठाने, कळवा-ऐरोलीपासून थेट न्हावा-शेव्यापर्यंत, पावसाळ्यातल्या हवेत ओलही असते आणि मीठही. बंद कपाटातलं तांबं हिरवं व्हायला तिला चार महिने पुरतात.

पुढे ‘लोको’ म्हणजे अख्खी गाडी आणि ‘इंजिन’ म्हणजे तिच्या पोटातलं डिझेल, असं धरून चला. उदाहरणं बरीचशी ब्रिटनची आहेत, कारण १९५०-६० च्या दशकातले डिझेल लोको तिथे संग्रहालयाबाहेरही रोजच्या कामावर दिसतात. क्लास ०८ (तिथे लोकोच्या प्रत्येक प्रकाराला असा ‘क्लास’ नंबर असतो) हा शंटर, म्हणजे यार्डात डबे हलवणारा लोको, १९५२ ते १९६२ मध्ये ९९६ नगांत बनला. क्लास ३७ हे १९६० ते १९६५ मधले ३०९ लोको. त्यातले काही आजही रुळांची तपासणी करणाऱ्या गाड्या ओढताना दिसतात. ठाणेकरांना हे घराणं परकं नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीचे वाफेचे लोको लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीचे होते, आणि शंभरेक वर्षांनी क्लास ३७ मधले बहुतेक लोको त्याच कारखान्यातून बाहेर पडले.

आधी घराणं ओळखा

पान्हा हातात घेण्यापूर्वी इंजिनाच्या पाटीवरचं मॉडेल, सिलिंडरांची संख्या आणि बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) लिहून घ्या. क्लास ०८ चं इंजिन ६ सिलिंडर आणि ३५० अश्वशक्तीचं, क्लास २० चं ८ सिलिंडर आणि १००० चं, क्लास ३७ चं १२ सिलिंडर आणि १७५० चं, क्लास ५० चं १६ सिलिंडर आणि २७०० चं. दिसायला चार वेगळी जनावरं. पण चारही इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची आणि चौघांचा सिलिंडर एकाच मापाचा, १० इंच बोअर आणि १२ इंच स्ट्रोक. हे लोको इतकी वर्षं टिकले त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आपल्याकडे आल्को या अमेरिकन कंपनीच्या २५१ इंजिनाचं तसंच: साइडिंगवरच्या डब्ल्यूडीएस-६ चे ६ सिलिंडर आणि मेनलाइनच्या डब्ल्यूडीएम-२ चे १६, माप तेच, ९ इंच बाय साडेदहा इंच.

याचा अर्थ मोठ्या भावाचा प्रत्येक भाग धाकट्याला जसाच्या तसा बसतो असा नाही. पार्ट नंबर जुळवावाच लागतो. टर्बोवाल्या (एक्झॉस्टच्या जोरावर जास्त हवा आत ढकलणाऱ्या) इंजिनाचा पिस्टन बिनटर्बोवाल्यात ढकलायला जाऊ नका. पण गेज, पुलर, सील रिंगा बसवण्याची हातोटी आणि जुन्या फिटरचा अनुभव एका घराण्यात सगळीकडे चालतो. भंगारात निघालेला भाऊबंद कुठे आहे याची नोंद आजच करून ठेवा. लोको बंद पडल्यावर शोधायला निघालात तर तो कापलेला असेल.

बंदोबस्त

हँडब्रेक आवळा, चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा, रिव्हर्सरचा (पुढे-मागे दिशा ठरवणारा) हँडल काढून खिशात घाला, बॅटरीचा नाइफ स्विच उघडा आणि स्टार्टच्या बटणावर ‘काम चालू आहे’ची पाटी लटकवा. ज्याने पाटी लावली तोच ती काढेल, दुसरा कोणी नाही. जुन्या ब्रिटिश लोकोंत पाइपांवरच्या गुंडाळीत आणि केबिनच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस सापडतो. आपल्याकडच्या त्या काळच्या लोकोंतही तो नसेलच असं धरू नका. फुटकं लॅगिंग दिसलं तर ब्रशने झाडू नका. ओलं ठेवा आणि त्या कामाची माहिती असलेल्याला बोलवा.

पाणी कुठे कुठे शिरलंय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाणी तीन वाटांनी येतं: धुराड्यातून पाऊस, टाकीत आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या कुंडात) हवेतली ओल, आणि लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) सीलमधून इंजिनाचं स्वतःचं कूलिंगचं पाणी.

संपपासून सुरुवात करा. लोको महिनोन्महिने उभा असल्याने तेलातलं पाणी तळाला बसलेलं असतं. ड्रेन प्लग पूर्ण न काढता जेमतेम सैल करा आणि पहिलं अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत धरा. आधी स्वच्छ पाणी आणि मागून तेल आलं तर ती साचलेली ओल असू शकते. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी तेलात घुसळलं गेलंय, म्हणजे इंजिन चालू असतानाच गळत होतं. शंका असेल तर तेलाचे दोन थेंब तापलेल्या जाड पत्र्यावर टाका. तडतडलं तर पाणी आहे. चष्मा घालूनच करा, थेंब उडतात. दुसरी परीक्षा पातळीची: डिपस्टिकवर तेल मागच्या नोंदीपेक्षा वर चढलेलं असेल तर खूश होऊ नका. वर आलेली भर पाण्याची किंवा डिझेलची असते. डिझेल मिसळलेलं तेल बोटांत पाण्यासारखं सुटतं आणि त्याला वास येतो. इंजेक्टर गळतोय किंवा फ्युएल पंपाचं सील गेलंय.

मग रेडिएटर-हेडर (कूलिंगच्या पाण्याची वरची टाकी) खुणेपर्यंत भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी क्रँककेसचे (क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीचे) दरवाजे उघडून टॉर्चने प्रत्येक लायनरच्या खालच्या कडेला पाहा. ओघळ दिसला तर लायनरच्या रबरी रिंगा गेल्या. इथे एक फसवणूक होते. थंड इंजिनात रबर आणि धातू आक्रसलेले असतात, त्यामुळे गळतं. तापलं की रिंगा फुगून गळणं थांबतं आणि सगळे म्हणतात, बरं झालं, आपोआप बसलं. बसत नाही. पुढच्या पावसाळ्यात तीच रिंग जास्त गळते. प्रीहीटर असेल तर पाणी ४० अंशांपर्यंत कोमट करून पुन्हा पाहा. तरी थेंब पडतोय तर लायनर काढणं टाळता येणार नाही. कोमट झाल्यावर थांबला, तर सिलिंडरचा नंबर वहीत घालून पुढच्या मोठ्या दुरुस्तीत तो पहिला घ्या. ब्रिटनमध्ये भीती उलटी असते: हिवाळ्यात पाणी गोठून ब्लॉक फुटतो, म्हणून तिथे पाणी काढून टाकतात किंवा अँटिफ्रीझ घालतात. त्यांचे जुने मॅन्युअल वाचताना हे लक्षात ठेवा. पाणी काढून रिकामं ठेवण्याची सूचना आपल्या हवेत जशीच्या तशी पाळली तर लायनरला बाहेरून गंज चढतो. आपल्याकडे गंजरोधक घातलेलं पाणी भरून ठेवणंच बरं.

डिझेलच्या टाकीचा तळ आधी सोडा. पाण्याबरोबर काळसर शेवाळासारखा चिकटा आला तर ते पाणी-डिझेलच्या सीमेवर वाढणारे जंतू असतात. मिसळलेल्या बायोडिझेलमुळे ओल धरली जाते आणि त्यांची चंगळ होते. नुसता फिल्टर बदलून हे जात नाही. टाकी रिकामी करून पुसावी लागते, नाहीतर पहिल्याच तासात फिल्टर पुन्हा बुजतो.

हाताने दोन पूर्ण फेरे

पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलेलं असताना बॅटरीने इंजिन फिरवलं, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका बटणाची किंमत एक रॉड, एक लायनर आणि नशीब वाईट असेल तर ब्लॉक. धुराड्यावर झाकण नसलेल्या लोकोत हा धोका सगळ्यात मोठा: पाऊस एक्झॉस्टमधून उतरतो आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय त्यात जाऊन बसतो.

सगळ्या सिलिंडरांचे टेस्ट कॉक (तपासणीच्या तोट्या) उघडा. कॉक नसतील तर इंजेक्टर किंवा प्लग काढा. फ्युएल रॅक (डिझेल किती जावं ते ठरवणारा दांडा) शून्यावर बांधा. प्रायमिंग पंप (इंजिन फिरवण्याआधी तेल ढकलणारा) असेल तर तो चालवून बेअरिंगपर्यंत तेल पोचू द्या, गेजचा काटा हलला पाहिजे. मग बार (लोखंडी दांडा) लावून क्रँकशाफ्ट सावकाश फिरवा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन पूर्ण फेरे, म्हणजे ७२० अंश. एकच फेरा मारून थांबलात तर अर्ध्या सिलिंडरांचा कॉम्प्रेशन स्ट्रोक झालेलाच नसतो. एकाने बार धरायचा, दुसऱ्याने कॉकसमोर पांढरा कागद धरत जायचं. निरोगी सिलिंडर कागदावर तेलाचा बारीक फवारा सोडतो. पाण्याचा ठिपका आला तर तिथेच थांबा. आणि बार अचानक जड झाला तर जोर लावू नका, मोठा पाइप घालून लांबी तर अजिबात वाढवू नका. थोडं मागे फिरवा आणि तो सिलिंडर उघडा.

टर्बो असेल तर एअर इनटेकचं डक्ट काढून रोटर बोटाने फिरवून पाहा. तो हलका फिरून आपोआप थांबला पाहिजे. खरखर किंवा मध्येच अडकणं चालणार नाही.

बॅटरी आणि तांबं

आल्कोच्या लोकोत ८ व्होल्टच्या ८ बॅटऱ्या, म्हणजे ३२ सेल आणि ६४ व्होल्ट. विश्रांतीनंतर चांगला सेल २.१ व्होल्टच्या आसपास दिसतो. सगळ्यांची बेरीज पाहून समाधान मानू नका; हायड्रोमीटर घेऊन सेल-सेल मोजा. बाकीचे १.२४० वर आणि एकच १.२०० वर असेल तर क्रँकिंगच्या वेळी तोच कोसळतो आणि दोष स्टार्टिंग काँटॅक्टरवर येतो. आधी काढून टाकलेल्या बॅटरीतले सेल नव्यात मिसळणं ही साइडिंगवरची नेहमीची काटकसर. ती महाग पडते.

मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक कार्डं, स्पीडोमीटर, रेकॉर्डर वेगळे करा. जुन्या लोकोवर नंतर बसवलेल्या या वस्तू मूळ नकाशात नसतात आणि मेगरच्या ५०० व्होल्टमध्ये पहिल्या जळतात. मेन जनरेटर आणि चाकं फिरवणारी प्रत्येक ट्रॅक्शन मोटर जमिनीशी वेगवेगळी मोजा. १ मेगओहमच्या खाली आलं तर लोड देऊ नका, आधी वाळवा. खालून कोमट हवा, वर झाकण उघडं, आणि दर तासाला एक नोंद. पहिल्या एक-दोन तासांत आकडा आणखी खाली जातो. ओल आत पसरत असते, घाबरू नका. मग तो चढायला लागतो आणि एका जागी स्थिर होतो. स्थिर झाल्यावरच वाळवणं थांबवा. दिवसभरात चढलाच नाही तर कारण ओल नसून कार्बनचा चुरा आणि तेल आहे. ते पुसूनच काढावं लागतं. कॉम्प्रेसरची हवा मारली तर चुरा आणखी आत जातो, आणि त्या हवेत पाणीही असतं.

कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, उजेड टाका. चॉकलेटी, एकसारखी झाक हवी. चार महिने एकाच जागी टेकलेल्या ब्रशाखाली (त्यावर घासणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्याखाली) ओलीमुळे ब्रशाच्या आकाराचा डाग पडतो. तसाच चालवला तर प्रत्येक फेऱ्याला तिथे ठिणगी उडते. काचपेपर किंवा कम्युटेटरचा दगड वापरा. एमरी पेपर नको, त्याचे कठीण कण तांब्यात रुतून बसतात आणि पट्ट्यांमधल्या फटीत वीज वाहायला वाट करून देतात. ब्रश होल्डरात बोटाने वर-खाली सहज सरकला पाहिजे. नवा ब्रश बसवताना काचपेपरची खरखरीत बाजू ब्रशाकडे ठेवून आर्मेचर फिरतं त्याच दिशेने ओढा, पुढेमागे घासलं तर कडा गोल होतात. स्प्रिंगचा ताण हाताच्या अंदाजाने ठरवू नका, स्प्रिंग बॅलन्स लावा. एका होल्डरमधला एक ब्रश ढिला असला की उरलेले त्याचा करंट वाहून तापतात.

आता बटण

कॉक बंद, रॅक मोकळा, बार आणि अवजारं जागेवर परत. हे मोठ्याने म्हणून तपासा. प्रायमिंग पुन्हा. स्टार्ट द्या, दहा-बारा सेकंदांत धरलं नाही तर सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. या लोकोंत मेन जनरेटरच मोटर बनून इंजिन फिरवतो, आणि पुन्हापुन्हा प्रयत्न केले की त्याच्याच कम्युटेटरला चटका बसतो.

धरल्यावर पहिली नजर ऑइल प्रेशरवर. दहा सेकंदांत काटा उठला नाही तर बंद करा. दुसरी नजर धुरावर. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पाणी तापल्यावर तो गेला पाहिजे. गेला नाही आणि हेडरमधलं पाणी उतरतंय तर हेड किंवा गॅस्केट. निळा म्हणजे वंगणाचं तेल जळतंय. लोड दिल्यावरचा काळा म्हणजे हवा कमी पडतेय: फिल्टर बुजलेला, टर्बो जड किंवा रॅक जास्त उघडलेला. जुन्या इंजिनाने लोड घेताना घटकाभर काळं ओकणं वेगळं, ते क्लास ३७ चं तर ओळखीचं लक्षण.

निष्क्रिय वेगावर तासन्‌तास सोडू नका. थंड सिलिंडरात डिझेल अर्धवट जळतं, तेलाचा चिकटा एक्झॉस्टमध्ये साचतो, आणि मग एकदम लोड दिला की तो पेटून धुराड्यातून ज्वाळा येतात. पाणी तापलं की हळूहळू नॉच (थ्रॉटलचे टप्पे) वाढवत नेऊन तो जाळून टाका. बंद करतानाही घाई नको: लोड काढून पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, तोवर टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहतं. इंजिन तापून बंद पडलं असेल तर क्रँककेसचा दरवाजा लगेच उघडू नका. आत तेलाची वाफ असते, बाहेरची हवा मिळताच स्फोट होऊ शकतो. निदान दोन तास जाऊ द्या.

पहिले शंभर मीटर

एअर रिझर्व्हॉयरचे ड्रेन सोडा, ब्रेक पाइपात ५ किलो दाबाची हवा भरा, कंप्रेसर बंद करून गळती पाहा. होजवरची तारीख वाचा. वरून नवा दिसणारा होज वाकवल्यावर भेगा दाखवतो. सँड बॉक्समधली वाळू काढून टाका, तिचे गोळे झालेले असतात. ट्रॅक्शन मोटरची सस्पेन्शन बेअरिंग साध्या बुशची आणि वातीने तेल घेणारी असेल तर तेलाच्या कपाचा तळ सोडा: तिथेही खाली पाणी, वर तेल. वात आधी पाणीच ओढते आणि बुश पहिल्याच किलोमीटरला पकडतो. क्लास ०८ सारख्या चाकांना दांडे जोडलेल्या शंटरचे सगळे तेल-कप भरा.

टायर चढवलेलं चाक असेल तर टायर आणि चाक यांवरून आडवी एक पांढरी रेघ ओढा. रेघ तुटली म्हणजे टायर फिरला, तो लोको त्या दिवशी पुढे जाणार नाही. मग माणसाच्या चालीने शंभर मीटर पुढे, शंभर मागे, थांबून प्रत्येक बेअरिंगचं तापमान मोजा. एकच बेअरिंग बाकीच्यांहून गरम असेल तर ते उघडा. सगळी सारखीच कोमट असतील तर चालू ठेवा.

किती ताणायचं

साइडिंगवरच्या शंटरला आठवा नॉच रोज लागत नाही. ताकद कमी करून आयुष्य वाढवण्यात कमीपणा नाही. ब्रिटनच्या क्लास ४७ च्या सुल्झर इंजिनांचे क्रँककेस तडकू लागले, तेव्हा ५१२ लोकोंच्या त्या ताफ्याची ताकद २७५० वरून २५८० अश्वशक्तीवर आणि वेग ८०० वरून ७५० फेऱ्यांवर आणला गेला. सहा टक्के ताकद सोडली आणि त्यातले काही अजून चालतात. गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा) आणि लोड रेग्युलेटर (जनरेटरचा भार ठरवणारा) एकत्र लावून घ्या, एकालाच कमी केलं तर इंजिन घुसमटतं.

आणि इंजिन संपलं पण सांगाडा-बोगी ठणठणीत असतील तर इंजिन बदला. क्लास ४७ च्याच सांगाड्यात अमेरिकन ईएमडी ६४५ इंजिनं घालून १९९८ ते २००४ मध्ये ३३ क्लास ५७ बनले; क्लास ५६ मधून ईएमडी ७१० घातलेले क्लास ६९ आले; १९६० च्या दशकातल्या क्लास ७३ मध्ये जर्मन एमटीयू कंपनीची नवी इंजिनं बसली. मात्र आधी फ्रेमची तपासणी: बोल्स्टर (बोगीवर भार टेकवणारी आडवी तुळई) आणि बॅटरी बॉक्सखालच्या वेल्डिंगला डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा रंग) मारा. खाडीकाठच्या लोकोचा बॅटरी बॉक्स ॲसिड आणि मीठ दोन्हींनी खाल्लेला असतो. तिथे हातोडीचा आवाज बद्द आला तर नव्या इंजिनाचं कोटेशन मागवण्यात अर्थ नाही.

पुढच्या जूनसाठी

लोको उभा करण्याआधी तेल बदला, वापरलेल्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगला खातं. टाकी काठोकाठ भरा, म्हणजे ओल धरायला रिकामी जागा उरत नाही. धुराड्यांवर पत्र्याचं झाकण, आणि ‘झाकण काढा’ची लाल पाटी स्टार्टच्या बटणावर. अख्ख्या लोकोला प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम सुटतो. कंट्रोल कपाटात ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब बाहेरच्या सप्लायवर जळता ठेवा. एलईडीचा उपयोग नाही, आपल्याला उजेड नको आहे, ऊब हवी आहे. ब्रश उचलून खाली जाड कागद सरकवा आणि किती कागद घातले ते दारावर लिहा. बॅटरी सोडवून महिन्यातून एकदा चार्ज करा. आणि दर पंधरा दिवसांनी, पाऊस उघडेल त्या दिवशी, प्रायमिंग करून दोन पूर्ण फेरे आणि वर पाव फेरा, म्हणजे क्रँक दर वेळी वेगळ्या जागी थांबेल. फ्लायव्हीलवर खडूने तारीख टाका.